कॅपाब्लांकाला फेरलढत मिळाली नाही, बोटविनिकला दोनदा मिळाली: हरलेल्या जगज्जेत्याला तो हक्क असावा का?

अडीचघर

नमस्कार.

बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या जुन्या सामन्यांचे डाव मी सध्या क्रमाने पटावर मांडून पाहत आहे. ते पाहताना एक प्रश्न वारंवार समोर येतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही, म्हणून तो येथे मांडतो.

१९२७ साली ब्युनोस आयर्समध्ये अलेखिनने कॅपाब्लांकाला हरवले. त्यानंतर कॅपाब्लांका १९४२ पर्यंत जगला आणि त्यातली बरीच वर्षे तो जगातल्या अग्रगण्य खेळाडूंमध्ये गणला जात होता, तरीही फेरलढत झाली नाही. याउलट बोटविनिक १९५७ मध्ये स्मिस्लोव्हकडून आणि १९६० मध्ये तालकडून हरला, आणि दोन्ही वेळा नियमाने मिळालेल्या फेरलढतीत त्याने पुढच्याच वर्षी पद परत घेतले. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह १९८४ ते १९९० या काळात जगज्जेतेपदासाठी पाच वेळा एकमेकांसमोर बसले. पुढे २००० मध्ये लंडनला क्रामनिककडून हरलेल्या त्याच कास्पारोव्हला मात्र दुसरी संधी कधीच मिळाली नाही.

यावरून असे दिसते की कोणते द्वंद्व इतिहासात मोठे ठरले आणि कोणते अर्ध्यावर राहिले, हे खेळाडूंच्या गुणवत्तेइतकेच त्या त्या काळच्या नियमांनी आणि करारांनी ठरवलेले आहे. माझा स्वतःचा कल असा आहे की हरलेल्या जगज्जेत्याला एकदा तरी फेरलढतीचा हक्क असावा. दोन महिन्यांच्या एका सामन्यात आजारपण येऊ शकते, आरंभीच्या चालींची तयारी फसू शकते, आणि अनेक वर्षे सिद्ध झालेले श्रेष्ठत्व एवढ्यावरून निकाली काढणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांनी या सामन्यांचा अभ्यास केला आहे त्यांचे मत काय आहे?

पूर्वरंग

अडीचघर, आपण उदाहरणे नेमकी निवडली आहेत, परंतु कॅपाब्लांकाच्या बाबतीत केवळ अलेखिनने फेरलढत टाळली एवढे म्हणून भागणार नाही. फिडेची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची, स्थापना १९२४ मध्ये झाली असली तरी त्या काळात जगज्जेतेपदावर तिचा अधिकार चालत नव्हता. कोणाशी, केव्हा आणि किती रकमेवर खेळायचे हे जगज्जेताच ठरवत असे. कॅपाब्लांकाने स्वतः जगज्जेता असताना १९२२ मध्ये जे ‘लंडन नियम’ आणले, त्यांनुसार आव्हानवीराने दहा हजार डॉलरांचा निधी उभा केल्याशिवाय पद पणाला लावण्याचे बंधन जगज्जेत्यावर नव्हते. रुबिनस्टाइन आणि निम्झोविच यांच्यासारख्या थोर खेळाडूंची आव्हाने निधीअभावीच बारगळली. अलेखिनसाठी अर्जेंटिनात पैसा उभा राहिला आणि म्हणून तो सामना होऊ शकला.

त्या सामन्याचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती लक्षात घ्यायला हवी. तोपर्यंत अलेखिनने कॅपाब्लांकाविरुद्ध एकही डाव जिंकला नव्हता, आणि त्याच वर्षीच्या न्यूयॉर्क स्पर्धेत कॅपाब्लांका त्याच्यापेक्षा अडीच गुण अधिक मिळवून पहिला आला होता. असे असूनही ब्युनोस आयर्सचा पहिलाच डाव अलेखिनने काळ्या मोहऱ्यांनी, फ्रेंच बचाव खेळून जिंकला. कॅपाब्लांकाने तिसरा आणि सातवा डाव जिंकून आघाडी घेतली, पण अकरावा आणि बारावा हे लागोपाठचे दोन डाव अलेखिनने घेतले आणि तेथून सामन्याचा तोल फिरला. सहा विजय आधी मिळवणारा जिंकणार आणि बरोबरी मोजली जाणार नाही, असा नियम असल्याने सामना ३४ डाव चालला. अलेखिनचे सहा, कॅपाब्लांकाचे तीन आणि २५ बरोबरी. बहुतेक सर्व डावांत वजिराच्या प्याद्याचा नाकारलेला गॅम्बिट ही एकच सुरुवात खेळली गेली, आणि हे डाव वरवर कंटाळवाणे वाटले तरी शांत दिसणाऱ्या स्थितीत तासन् तास दबाव कसा टिकवावा याचा त्याहून चांगला पाठ मला माहीत नाही. शेवटचा डाव तहकूब झाल्यावर कॅपाब्लांका पुढे खेळायला आलाच नाही. त्याने पत्राने हार कळवली.

पुढचे मात्र खेदजनक आहे. अलेखिनने फेरलढतीसाठी तेच दहा हजार डॉलर मागितले, आणि १९२९ च्या आर्थिक कोसळणीनंतर तेवढी रक्कम उभी करणे अधिकच कठीण झाले. त्याच काळात अलेखिन बोगोल्युबोव्हशी १९२९ आणि १९३४ असे दोन सामने खेळला, आणि बोगोल्युबोव्ह त्याच्या तोडीचा नव्हता हे दोन्ही निकालांवरून स्पष्ट आहे. म्हणून दोष अलेखिनकडे जातोच, पण ज्या अटीच्या आड तो उभा राहिला ती कॅपाब्लांकाने घडवलेली होती, हेही तितकेच खरे आहे. दोघे पुन्हा समोरासमोर आले ते थेट १९३६ मध्ये, नॉटिंगहॅमच्या स्पर्धेत. तेथे त्यांच्यातला डाव कॅपाब्लांकाने जिंकला. दोन वर्षांनी हॉलंडमधल्या आव्रो स्पर्धेत अलेखिनने त्याला हरवले, आणि तेही कॅपाब्लांकाच्या पन्नासाव्या वाढदिवशी.

या काळातला खरा आदर्श कोणी असेल तर तो माक्स युवे. पेशाने गणिताचा शिक्षक असलेल्या युवेने १९३५ मध्ये अलेखिनला हरवले आणि कसलीही टाळाटाळ न करता १९३७ मध्ये त्याला परतीची संधी दिली, जी अलेखिनने १५.५–९.५ अशी जिंकली. फेरलढत देण्याचा मोठेपणा जगज्जेत्याच्या स्वभावावर सोडला की एकदा युवे भेटतो आणि एकदा अलेखिन, एवढेच मला म्हणायचे आहे.

कृष्णाकाठ

पूर्वरंग यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु अडीचघर यांच्या निष्कर्षाशी नाही. आपोआप मिळणारा हक्क म्हणजे काय होते याची पूर्ण परीक्षा १९५७ ते १९६१ या काळात झालेली आहे, आणि तिचा निकाल माझ्या मते हक्काच्या विरुद्ध जातो.

१९४६ मध्ये अलेखिन पदावर असतानाच वारला. रिकाम्या झालेल्या पदासाठी फिडेने १९४८ मध्ये हेग आणि मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा घेतली, जी बोटविनिकने निर्विवाद जिंकली. त्यानंतर दर तीन वर्षांनी आव्हानवीर निवडायची पद्धत सुरू झाली. सामना २४ डावांचा, आणि १२–१२ झाल्यास पद जगज्जेत्याकडेच. १९५१ मध्ये ब्रॉन्स्टाइन दोन डाव उरलेले असताना एका गुणाने पुढे होता. बोटविनिकने तेविसावा डाव जिंकला, चोविसावा बरोबरीत सोडवला आणि पद राखले. १९५४ मध्ये स्मिस्लोव्हविरुद्धही १२–१२. या संरक्षणावर नंतर फेरलढतीच्या हक्काचे दुसरे संरक्षण चढवले गेले.

आता स्मिस्लोव्हचे काय झाले ते पाहा. बोटविनिकशी त्याचे १९५४, १९५७ आणि १९५८ असे तीन सामने झाले आणि त्यांत मिळून ६९ डाव खेळले गेले. त्यांपैकी स्मिस्लोव्हने १८ जिंकले, बोटविनिकने १७, आणि ३४ बरोबरीत सुटले. तिन्ही सामन्यांची बेरीज केली तर स्मिस्लोव्हचे ३५ आणि बोटविनिकचे ३४ गुण होतात. एवढे करून स्मिस्लोव्ह जगज्जेता राहिला जेमतेम वर्षभर. शिवाय १९५४ आणि १९५७ अशा दोन्ही वेळा आव्हानवीरांच्या स्पर्धेची खडतर वाट चालून तो बोटविनिकसमोर आला होता, आणि बोटविनिकला १९५८ मध्ये अशी कोणतीच वाट चालावी लागली नाही.

तालची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. रीगाच्या या तेवीस वर्षांच्या खेळाडूने १९६० मध्ये १२.५–८.५ असा विजय मिळवला. त्या सामन्याच्या सहाव्या डावात त्याने घोड्याचे बलिदान दिल्यावर प्रेक्षकांत इतका गलबला झाला की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. पुढच्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने त्रस्त असतानाच त्याला फेरलढतीला बसावे लागले आणि तो ८–१३ असा हरला. ताल पुन्हा कधीही जगज्जेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला नाही. अडीचघर, आपण आजारपणाचा मुद्दा हरलेल्या जगज्जेत्याच्या बाजूने मांडला आहे, परंतु येथे आजारपणाची झळ नव्या जगज्जेत्याला लागली.

बोटविनिकच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. १९६१ मध्ये तो पन्नाशीला टेकला होता आणि त्या वयात त्याने तालच्या खेळाचा जो अभ्यास केला, त्याला बंदिस्त स्थितींत आणि अंतिम पर्वात ओढून नेण्याचा जो मार्ग आखला, तो शास्त्रज्ञाच्या शिस्तीचा नमुना आहे. तरीही पद हाती असताना तो पाच सामने खेळला आणि त्यांपैकी एकही जिंकू शकला नाही: दोन बरोबरीत, तीन पराभव. सामने जिंकले ते फक्त फेरलढतीचे दोन. १९६३ मध्ये पेट्रोशियनकडून हरला तेव्हा फिडेने हक्क काढून घेतलेला होता, आणि बोटविनिक आव्हानवीरांच्या पुढच्या फेरीत उतरलाच नाही.

हक्क गेल्यावर काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. स्पास्की १९६६ मध्ये पेट्रोशियनकडून ११.५–१२.५ असा हरला. त्याने आव्हानवीरांची सगळी फेरी पुन्हा पार केली आणि १९६९ मध्ये १२.५–१०.५ असा जिंकून पद घेतले. दुसरी लढत अशी कमावलेली असावी.

रानजाई

कृष्णाकाठ यांनी मांडलेले आकडे बिनतोड आहेत, पण त्यातून निघणारा नियम कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांना लावला तर या खेळातले सर्वांत मोठे द्वंद्व अपुरे राहिले असते, असे मला वाटते. ते थोडे सविस्तर मांडते.

पहिला सामना १० सप्टेंबर १९८४ रोजी मॉस्कोत सुरू झाला. नियम ब्युनोस आयर्सचाच: सहा विजय, डावांच्या संख्येला मर्यादा नाही. पहिल्या नऊ डावांत कार्पोव्ह ४–० ने पुढे गेला. तेव्हा कास्पारोव्ह एकवीस वर्षांचा होता आणि सामना लवकरच संपणार असे बहुतेकांना वाटत होते. त्यानंतर कास्पारोव्हने धाडसी खेळ बाजूला ठेवला आणि लागोपाठ सतरा डाव बरोबरीत गेले. सत्ताविसावा कार्पोव्हने जिंकला, ५–०. आता फक्त एक विजय हवा होता आणि तो पुढच्या एकवीस डावांत त्याला मिळाला नाही. कास्पारोव्हने बत्तिसावा डाव घेतला, मग पुन्हा बरोबरींची रांग, आणि शेवटी सत्तेचाळिसावा व अठ्ठेचाळिसावा असे दोन डाव सलग जिंकले. थकव्याने कार्पोव्हचे वजन उतरले होते. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी फिडेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी खेळाडू दमल्याचे कारण देऊन सामना निकालाविना थांबवला आणि नवा सामना शून्यापासून, २४ डावांचा होईल असे जाहीर केले. कास्पारोव्हने त्याच वेळी जाहीर विरोध केला होता.

हा निर्णय कोणाच्या फायद्याचा होता यावर आजही वाद होतो. माझ्या मते तो दोघांच्याही तोट्याचा होता. कार्पोव्हच्या हाती दोन गुणांची आघाडी होती आणि त्याला एकच डाव जिंकायचा होता. कास्पारोव्हला लय सापडली होती. पाच महिने झुंजून दोघांनाही निकाल मिळाला नाही, आणि त्यामुळे १९८५ चा सामना माझ्या दृष्टीने पहिल्याचाच उत्तरार्ध ठरतो.

त्या उत्तरार्धातला सोळावा डाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो जरूर मांडावा. कास्पारोव्हने काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचावात एक प्यादे देऊन टाकले आणि आपला घोडा पांढऱ्याच्या गोटात, डी-३ या घरात नेऊन बसवला. त्या एका घोड्यामुळे कार्पोव्हचे हत्ती आणि घोडे जागच्या जागी जखडले गेले. जगज्जेत्याच्या दर्जाचा खेळाडू पूर्ण सैन्य पटावर असताना असा हतबल झालेला क्वचितच दिसतो. चोविसाव्या डावाआधी गुणसंख्या १२–११ अशी होती आणि पद राखण्यासाठी कार्पोव्हला विजय आवश्यक होता. तो डावही कास्पारोव्हने जिंकला आणि ९ नोव्हेंबर १९८५ रोजी, बाविसाव्या वर्षी, तो जगज्जेता झाला.

येथे आपल्या चर्चेचा मुद्दा येतो. करारानुसार कार्पोव्हला फेरलढतीचा हक्क होता. कास्पारोव्हने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली आणि कृष्णाकाठ यांच्या निकषाने ती रास्तच होती. परंतु १९८६ मध्ये लंडन आणि लेनिनग्राड येथे झालेला तो सामना पाहा. कास्पारोव्ह तीन गुणांनी पुढे असताना कार्पोव्हने सतरावा, अठरावा आणि एकोणिसावा असे तीन डाव लागोपाठ जिंकून बरोबरी साधली. ज्याने पद गमावले आहे, ज्याला पुढची पिढी मागे टाकते आहे असे सगळे मानत होते, त्याने केलेली ही झुंज आहे. बाविसावा डाव जिंकून कास्पारोव्हने सामना १२.५–११.५ असा वाचवला. हा हक्क नसता तर कार्पोव्ह हा खेळाडू किती चिवट होता हे आपल्याला पूर्ण कळले नसते.

पुढच्या दोन लढती कार्पोव्हने कमावलेल्या होत्या. १९८७ मध्ये त्याने आव्हानवीरांच्या अंतिम लढतीत सोकोलोव्हला हरवले आणि तो सेव्हिलला आला. तेविसावा डाव जिंकून तो १२–११ असा पुढे गेला, म्हणजे पदासाठी त्याला शेवटच्या डावात केवळ बरोबरी पुरेशी होती. त्या डावात कास्पारोव्हने घाई केली नाही, इंग्लिश प्रकाराच्या शांत मांडणीने सुरुवात केली, एक प्यादे मिळवले आणि तहकुबीनंतर ६४ चालींत डाव जिंकून १२–१२ ने पद राखले. तो डाव मी अनेकदा मांडला आहे आणि दर वेळी कार्पोव्हबद्दल अपार सहानुभूती वाटते. १९९० मध्ये न्यूयॉर्क आणि लिऑन येथे पाचवा सामना झाला, तोही १२.५–११.५.

पाच सामन्यांत मिळून १४४ डाव झाले. कास्पारोव्हचे विजय २१, कार्पोव्हचे १९, बरोबरी १०४. इतक्या कमी फरकाने विभागलेले आणि इतके दीर्घ दुसरे द्वंद्व मला माहीत नाही. म्हणून माझे मत असे की हक्क सरसकट नसावा, परंतु पहिली लढत वादग्रस्त किंवा अपुरी राहिली असेल तर फेरलढत द्यावीच लागते.

अडीचघर

सर्वांचे मनापासून आभार. स्मिस्लोव्हच्या तीन सामन्यांची बेरीज मी कधी करून पाहिली नव्हती, आणि ती पाहिल्यावर आपोआप मिळणाऱ्या हक्काचे समर्थन पूर्वीइतके ठामपणे करणे मला अवघड जाते. रानजाई यांचा अपवादही पटतो, परंतु लढत ‘वादग्रस्त’ होती हे ठरवणार कोण? ज्या फिडेने १९८५ चा निर्णय घेतला तिच्याकडेच हे ठरवणे सोपवावे काय?

आणखी एक विचारतो. २००० मध्ये हरलेल्या कास्पारोव्हची तुलना कॅपाब्लांकाशी करणे योग्य होईल का?

सोनचाफा

तुलना काही अंशीच योग्य आहे. लंडनच्या त्या सामन्यात क्रामनिकने दोन डाव जिंकले, तेरा बरोबरीत गेले आणि कास्पारोव्हला एकही विजय मिळाला नाही. काळ्या मोहऱ्यांनी क्रामनिक बर्लिन बचाव खेळत राहिला आणि वजीर लवकर पटावरून गेल्यामुळे कास्पारोव्हच्या हल्ल्याची धार बोथट झाली. निकालात संदिग्ध काही नव्हते. तेव्हा पदाचे दोन तुकडे झालेले होते, कारण कास्पारोव्ह आणि शॉर्ट १९९३ मध्ये फिडेपासून वेगळे होऊन खेळले होते. म्हणजे ज्या व्यवस्थेत फेरलढतीची हमी देणारी संस्थाच उरली नाही, ती घडवण्यात कास्पारोव्हचा स्वतःचा वाटा होता, आणि येथे कॅपाब्लांकाशी साम्य नक्कीच दिसते. पद पुन्हा एक करण्यासाठी झालेल्या २००२ च्या प्राग करारानंतर आखलेले सामने एकामागून एक रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये लिनारेसची स्पर्धा जिंकून त्याने निवृत्ती जाहीर केली.

फरक हा की कास्पारोव्हपुढे कमावण्याचा मार्ग होता. क्रामनिकचा आव्हानवीर ठरवणारी २००२ ची डॉर्टमुंडची स्पर्धा तो खेळला नाही.

या बाबतीत मला आनंदचा मार्ग सर्वांत सरळ वाटतो. २०१३ मध्ये चेन्नईत, स्वतःच्या गावी, कार्लसनविरुद्ध तो एकही डाव न जिंकता ३.५–६.५ असा हरला. त्याचे पर्व संपले असे तेव्हा सर्वत्र लिहिले गेले. चार महिन्यांनी तो खांटी-मानसिस्कला आव्हानवीरांची स्पर्धा खेळला, ती जिंकला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सोचीला पुन्हा कार्लसनसमोर बसला. तिसरा डाव त्याने जिंकला. सहाव्या डावात कार्लसनने राजाची एक गंभीर चुकीची चाल केली, ती आनंदच्या नजरेतून निसटली आणि डाव हातचा गेला. सामना तो ४.५–६.५ असा हरला, परंतु त्या लढतीवर त्याचा हक्क होता का, हा प्रश्न कोणी विचारू शकले नाही. वादग्रस्तता कोणी ठरवायची, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही मला यातच दिसते: आव्हानवीरांची स्पर्धा वेळेवर आणि खुली ठेवली, तर कोणाला काही ठरवावेच लागत नाही.

कृष्णाकाठ

सोनचाफा यांच्याशी पूर्ण सहमत. अडीचघर, आपण डाव क्रमाने मांडत आहात म्हणून सुचवतो: कमावलेली फेरलढत कशी असते ते पाहण्यासाठी पेट्रोशियन आणि स्पास्की यांचे दोन डाव एकापाठोपाठ मांडावेत. पहिला १९६६ च्या सामन्यातला दहावा, ज्यात पेट्रोशियन वजिराचे बलिदान देऊन डाव संपवतो. अलेखिननंतर पद राखण्याचा सामना प्रत्यक्ष जिंकणारा पहिला जगज्जेता तोच. दुसरा १९६९ मधला एकोणिसावा, ज्यात स्पास्कीने सिसिलियन बचावाविरुद्ध राजावर सरळ हल्ला चढवून अवघ्या २४ चालींत विजय मिळवला. तीन वर्षांत स्पास्की काय शिकला ते या दोन डावांत स्पष्ट दिसते.